आधी पाऊल, मग पेडल: सायकलचे बूट आणि क्लिपलेस पेडल कसे निवडावेत

मागच्या भागात आपण सीटची उंची आणि हँडलची पकड यांविषयी बोललो. आज शरीर सायकलला जिथे टेकतं त्या तिसऱ्या जागेकडे वळू या. ती जागा म्हणजे पावलं. विषय आहे सायकलचे बूट आणि क्लिपलेस पेडल. वेग वाढवण्यासाठी काय घ्यावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. आपल्या मंडळींचा प्रश्न वेगळा असतो. "साहेब, तासाभरानंतर बोटं बधीर होतात, चवड्याला आग होते, आणि बूट पेडलला अडकवायची तर भीती वाटते. काय करू?" आजचं बोलणं या प्रश्नावर आहे.

मी हे आडुतुरैहून बोलतोय. तंजावर जिल्ह्यातलं, कुंभकोणमच्या पूर्वेला साधारण बारा-तेरा किलोमीटरवरचं हे गाव. भाताच्या संशोधन संस्थेमुळे शेतकऱ्यांना माहीत असलेलं. पत्नीचं माहेर इकडच्या तंजावरी मराठी कुटुंबातलं, म्हणून निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने आम्ही इथे असतो. इथला रस्ता पावलांची परीक्षा कशी घेतो ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे.

कावेरीचा हा मुलूख तळहातासारखा सपाट आहे. पुण्याचा सायकलस्वार सिंहगडाचा चढ चढताना सीटवरून उठतो, बसतो, आणि उतारावर पाय थांबवून आराम करतो. इथे चढ नाही, म्हणून उतारही नाही. तीन तास एकाच बैठकीत, एकाच लयीत पाय फिरत राहतात. मिनिटाला ऐंशी फेऱ्या धरा. तीन तासांत एकेक पाऊल १४,४०० वेळा त्याच जागी दाबलं जातं. त्यात इथला उकाडा, म्हणजे पावलं सुजणार. सकाळी सहाला नीट बसलेला बूट नऊ वाजता आवळायला लागतो. मुंबईच्या, कोकणाच्या, गोव्याच्या मंडळींनाही ही गोष्ट लागू आहे.

नावातला गोंधळ

'क्लिपलेस' म्हणजे क्लिप नसलेलं. मग त्यात बूट 'क्लिप' कसा होतो? नव्या माणसाला पडणारा हा प्रश्न रास्तच आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलवर पुढे एक पिंजरा असायचा आणि त्याला चामड्याचा पट्टा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. पाय आत सारायचा आणि पट्टा ओढायचा. थांबताना वाकून पट्टा सैल केला नाही, तर माणूस सायकलसकट आडवा. १९८४ मध्ये लुक या फ्रेंच कंपनीने नवं पेडल आणलं. स्कीइंगच्या बुटांची बंधनं बनवण्याचा तिला अनुभव होता. पडताना टाच फिरली की पाय सुटतो, हे तत्त्व तिने पेडलमध्ये आणलं. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार्ड ईनो यांनी ही पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि पट्ट्यांचे दिवस भरले. १९९० मध्ये जपानच्या शिमानोने एसपीडी ही लहान धातूची पद्धत आणली, मुख्यतः माउंटन बाइकसाठी. टो-क्लिप नाही, म्हणून क्लिपलेस. नावाचं कोडं एवढंच.

बुटाच्या तळाला जो तुकडा बोल्टने बसतो त्याला क्लीट म्हणतात. तो पेडलमधल्या स्प्रिंगच्या जबड्यात अडकतो. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटतो.

मुळात ही पेडल हवीत का?

फौजेत कुठलंही साहित्य मागवण्याआधी एक प्रश्न विचारतात: काम काय आहे? दूध-भाजी आणायची, नातवाला शाळेत सोडायचं, रोज दहा-पंधरा किलोमीटर फिरायचं, एवढं काम असेल तर साधी रुंद पेडल आणि कडक तळाचे बूट पुरेत. पेडलवर बारीक खिळे असलेली चांगली सपाट पेडल मिळतात, त्यावर पाय घसरत नाही. "पाय वर ओढून दुप्पट ताकद मिळते" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. नेहमीच्या वेगाने सपाट रस्त्यावर चालवताना जवळजवळ सगळा जोर खाली दाबण्यातूनच येतो.

मग फायदा कशाचा? पहिला, पाऊल पेडलवर दरवेळी त्याच जागी बसतं. दुसरा, कडक तळामुळे दाब पसरतो. तिसरा, खड्ड्यावर किंवा पावसात पाय निसटत नाही. पन्नास, शंभर, दोनशे किलोमीटर जाणाऱ्याला हे तिन्ही फायदे जाणवतात. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करायची असते. इतका वेळ पाऊल जागच्या जागी राहिलं, तर गुडघा आभार मानतो.

दोन बोल्ट की तीन?

दुकानात गेलात की बुटाचा तळ उलटा करून बघा. तीन भोकांचा त्रिकोण असेल तर तो रोड पद्धतीचा: लुक केओ, शिमानोची एसपीडी-एसएल वगैरे. यात क्लीट मोठी, प्लास्टिकची आणि तळाबाहेर आलेली असते. पेडलशी टेकणारी जागा रुंद, म्हणून पाय घट्ट आणि आरामात बसतो. पण चालताना बदकासारखी चाल होते, फरशीवर पाय सटकतो आणि चालून चालून क्लीट झिजते.

शेजारी शेजारी दोन लांबट खाचा असतील तर ती एसपीडी पद्धत. यात क्लीट छोटी, धातूची आणि तळाच्या रबरात आत बसवलेली असते. तुम्ही जवळपास साध्या बुटासारखं चालू शकता. बहुतेक एसपीडी पेडलमध्ये दोन्ही बाजूंनी पाय अडकतो, खाली बघून पेडल उलटवावं लागत नाही. काही पेडल एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी अशीही मिळतात. नवशिक्याला ती फार सोयीची. स्पीडप्लेसारखी चार बोल्टांची पद्धतही आहे, पण सुरुवातीला त्या वाटेला जायची गरज नाही.

आता आडुतुरैचं उदाहरण घ्या. इथून दोन-तीन किलोमीटरवर सूर्यनार कोविल आहे. नवग्रहांच्या नऊ देवळांपैकी सूर्याचं हे देऊळ. शुक्राचं कंजनूर, राहूचं तिरुनागेश्वरम, गुरूचं आलंगुडी, ही सगळी याच परिसरात. मंगळाचं वैदीश्वरन कोविल आणि शनीचं तिरुनळ्ळार जरा लांब. दोन-तीन दिवसांत सायकलवर नवग्रह यात्रा करायची म्हटली तर नऊ वेळा बूट काढायचे, नऊ वेळा घालायचे आणि मधल्या वेळी डिग्री कॉफीसाठी ओल्या फरशीवर उभं राहायचं. शिवाय सुगीच्या दिवसांत शेतकरी रस्त्यावरच भात वाळत घालतात. त्या धान्यावरून सायकल न्यायची नसते. उतरून कडेने चालायचं. ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेला चिखल रस्त्यावर सांडलेला असतो, तो वेगळा. अशा मुलखात आत बसवलेली दोन बोल्टांची क्लीट कामाची. ती चालू देते आणि चिखलही जास्त सहन करते.

उलट, घरातून निघून चार तासांनी घरीच परतणारा, मध्ये फारसा न उतरणारा आणि चवड्याला रुंद आधार हवा असलेला माणूस तीन बोल्टांवर सुखी राहील. मला कोणी एकच उत्तर मागितलं, तर पन्नाशी ओलांडलेल्या, हौसेने चालवणाऱ्या माणसाला मी एसपीडी सांगतो.

बूट: लांबी नंतर, रुंदी आधी

पायदळात लांबच्या मार्चनंतर अधिकारी आधी जवानांची पावलं तपासतो. फोड कुठे, नख कुठे रुतलंय, मोजा ओला आहे का. जेवण नंतर. ज्या पलटणीची पावलं शाबूत ती पलटण दुसऱ्या दिवशी चालते. सायकलचा बूट निवडताना हीच नजर ठेवा.

वयाबरोबर पाऊल बदलतं. कमान थोडी बसते, चवडा पसरतो. विशीतला नंबर साठीत धरून चालू नका. संध्याकाळी, पावलं थोडी सुजलेली असताना, मोजून घ्या. कागदावर उभे राहा, शरीराचा भार दोन्ही पायांवर समान ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी पेन्सिल सरळ धरून कडा आखायला सांगा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वांत रुंद जागा, दोन्ही मोजा. दोन पावलं क्वचितच सारखी असतात. मोठ्या पावलाप्रमाणे बूट घ्या.

सायकलचे बरेच बूट अरुंद असतात. आपल्याकडे लहानपण चपलांत किंवा अनवाणी गेलेल्यांची बोटं बहुधा मोकळी पसरलेली. मग बूट आवळला की माणूस एक नंबर मोठा घेतो. लांबी वाढते, टाच उचलली जाते आणि चवडा तरीही दाबलेलाच राहतो. त्याऐवजी त्याच नंबरात रुंद मापाचा बूट मागा. शिमानोसह काही कंपन्या रुंद मापं काढतात. बूट घातल्यावर तीन गोष्टी तपासा: टाच हलू नये, बोटं वरखाली हलवता यावीत आणि करंगळीच्या मुळाशी दाब जाणवू नये. दुकानात दहा-पंधरा मिनिटं बूट पायातच ठेवा. चालून फार काही कळत नाही, कारण हा बूट चालण्यासाठी नाही. स्टुलावर बसून चवडा जमिनीवर दाबून पाहा.

तळ किती कडक हवा? कार्बनचा तळ सर्वांत कडक, हलका आणि महाग. शर्यतीत त्याचा उपयोग. आपल्याला काचतंतू घातलेला नायलॉनचा मध्यम कडक तळ चांगला. रस्त्याचा धक्का तो थोडा पचवतो आणि चालतानाही फार ताठ वाटत नाही. पण अगदी मऊ तळही नको. एसपीडी क्लीट लहान असते. तळ मऊ असला तर ती खालून नाण्यासारखी चवड्यात टोचत राहते.

बांधायची पद्धत पाहा. नाडीचा बूट पायावर छान बसतो, पण चालत्या सायकलवर सैल करता येत नाही. आणि नाडीचं टोक चेनमध्ये गेलं तर वेगळीच कथा. वेल्क्रो स्वस्त आणि सोपा. बोआसारखी फिरवायची चकती असेल तर पाय सुजू लागला की दोन बोटांनी जरा सैल करता येतो. उकाड्यात हा फार मोठा आराम आहे. पट्टा पावलाच्या वरच्या भागावर घट्ट आणि बोटांकडे सैल ठेवा. वरच्या भागाला जाळी, तळाला हवेची छिद्रं हवीत. मोजे पातळ आणि लवकर वाळणारे घ्या. जाड मोजा घालून सैल बूट भरून काढायचा नाही.

आतलं पातळ तळवं काढून बघा. बऱ्याच बुटांत ते नावापुरतंच असतं. ज्यांची कमान बसलेली आहे त्यांनी कमानीला आधार देणारं तळवं घातलं तर दाब चवड्यावरून मागे वाटला जातो. कधी कधी नवा बूट घेण्याऐवजी एवढ्यानेच काम होतं.

क्लीट कुठे बसवायची

हे घरी करता येतं. बूट घाला. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जे हाड लागतं, तिथे बुटावर चिकटपट्टीची खूण करा. करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला दुसरी खूण करा. दुसरी खूण पहिलीपेक्षा थोडी मागे येईल. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. आराम हवा असेल तर मागच्या खुणेकडे झुकतं माप द्या. क्लीट मागे नेली की चवड्यावरचा भार आणि पोटरीचा ताण कमी होतो. क्लीट बरीच मागे गेली तर सीट किंचित खाली घ्यावी लागते, हे विसरू नका.

कोन ठरवण्यासाठी उंच टेबलावर बसा आणि पाय मोकळे सोडा. पावलं आपोआप कुठे बघतात ते पाहा. कुणाची सरळ, बहुतेकांची किंचित बाहेर. क्लीटचा कोन त्या नैसर्गिक दिशेला जुळू द्या. पाऊल बळेच सरळ केलंत तर त्याचा हिशेब गुडघा चुकता करतो.

क्लीट अंगठ्याच्या बाजूला सरकवली की पाऊल क्रँकपासून बाहेर जातं. करंगळीकडे सरकवली की आत येतं. ज्यांचे गुडघे पेडल मारताना बाहेर जातात त्यांना पाऊल थोडं बाहेर नेल्याने बरं वाटतं. एका वेळी एकच बदल करा, तोही दोन-तीन मिलिमीटरचा. मग दोन-तीन दिवस चालवा आणि वहीत नोंद ठेवा. बोल्टला ग्रीस लावा आणि साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर इतके घट्ट करा. पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

फ्लोट आणि स्प्रिंग

अडकलेल्या अवस्थेतही पाऊल थोडं डावी-उजवीकडे हलू शकतं. या मोकळीकीला फ्लोट म्हणतात. गुडघ्यासाठी ती गरजेची. शिमानोच्या तीन बोल्टांच्या क्लीटमध्ये लाल रंगात शून्य अंश, निळ्यात दोन आणि पिवळ्यात सहा. लुक केओमध्ये काळीत शून्य, राखाडीत साडेचार आणि लालमध्ये नऊ. लक्षात आलं ना, एका कंपनीचा लाल म्हणजे अजिबात मोकळीक नाही आणि दुसरीचा लाल म्हणजे सर्वांत जास्त. रंग पाहून नव्हे, कंपनी विचारून घ्या. आपल्याला पिवळी, किंवा लुकची राखाडी वा लाल.

एसपीडीत क्लीटचे दोन प्रकार आहेत. एसएच ५१ फक्त टाच बाजूला फिरवल्यावर सुटते. एसएच ५६ पाय जोरात वर किंवा तिरका ओढला तरी सुटते. घाबरून झटका दिला तरी पाय मोकळा होतो, म्हणून नवशिक्याला ५६ चांगली. बहुतेक पेडलवर स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो. सुरुवातीला तो सर्वांत सैल ठेवा.

चवड्याची आग आणि बधीरपणा

आग झाली म्हणून लगेच नवे बूट मागवू नका. क्रमाने जा. आधी पट्टा सैल करून बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. मग मोजा पातळ करा. मग क्लीट दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या. मग तळवं बदला. एवढं करूनही आराम नसेल तर बूट अरुंद आहे असं समजा आणि रुंद माप पाहा. चालवतानाही थोडं करता येतं: हलका गिअर घ्या, पाय जास्त फिरवा पण दाब कमी करा. दर अर्ध्या तासाने दोन-चार पेडल उभे राहून मारा. सपाट रस्त्यावर चढ आपणहून तयार करायचा, असं समजा.

मधुमेह असलेल्यांना विशेष सांगणं. तुमचा बधीरपणा बुटाचा आहे की नसांचा, हे घरी ठरवू नका. डॉक्टरांकडून पावलांची संवेदना तपासून घ्या. संवेदना कमी झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही आणि छोटी जखम मोठी होते. फेरीनंतर मोजे काढून तळवे आणि बोटांच्या बेचक्या आरशात पाहायच्या. पलटणीतली तपासणी आता घरी आपली आपणच करायची, एवढंच. आणि नऊ देवळांत दुपारच्या तापल्या दगडावर अनवाणी उभं राहण्याआधी विचार करा. दर्शन सकाळचं ठेवा.

पडायचं नाही

आपल्या वयात वेगात पडण्याइतकंच थांबताना पडणं महागात पडतं. पाय अडकलेला, सायकल उभी आणि माणूस हळूच बाजूला कलतो. तिशीतला माणूस उठून हसतो. साठीत खुब्याचं हाड मोडलं तर अंथरूण किती दिवस धरावं लागेल सांगता येत नाही. म्हणून सराव हवा, आणि तो कवायतीसारखा.

पहिला दिवस: भिंतीला हात टेकून सायकलवर बसा. डावा पाय पन्नास वेळा अडकवा आणि सोडवा. मग उजवा पन्नास वेळा. पेडल सर्वांत खाली असताना टाच बाहेर फिरवायची. दुसरा दिवस: मोकळ्या मैदानात, गवत असेल तर उत्तम, हळू चालवत फक्त डावा पाय सोडा, थांबा, पुन्हा निघा. हे वीसदा करा. आठवडाभर रहदारीत जाऊ नका.

डावाच पाय का? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो. डावा पाय टेकवला की शरीर कडेला कलतं, वाहनांकडे नाही. रोज त्याच पायाची सवय ठेवा. आणि पाय थांबल्यावर नाही, थांबायच्या आधी सोडवायचा. चौक, कुत्रं, शेळी, बस थांबा, भाताची रास, लांबून दिसलं की पाय मोकळा. गर्दीच्या गावातून जाताना डावा पाय सपाट बाजूवरच ठेवला तरी काही बिघडत नाही.

खर्च आणि देखभाल

पैसे मर्यादित असतील तर आधी बुटावर खर्च करा, पेडलवर नंतर. साधं एसपीडी पेडल वर्षानुवर्षं चालतं. आरामात त्याचा आणि महागड्याचा फरक फारसा नसतो. बुटाच्या मापात मात्र तडजोड नको.

पेडल बसवताना एक लक्षात ठेवा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडल घट्ट होतात, मागे फिरवला की सैल. आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी पेडल निघणार नाही. क्लीटमधला चिखल काडीने काढा आणि पेडलच्या स्प्रिंगला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. क्लीट झिजली की पाय एक तर सहज निसटतो किंवा अडखळत सुटतो. दोन्हीही धोक्याचे. बदलण्याआधी जुन्या क्लीटभोवती पेनने रेघ मारून ठेवा, म्हणजे नवी त्याच जागी बसेल. भिजलेले बूट उन्हात भाजू नका. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा.

या रविवारी एवढं एकच करा: कागद घ्या, उभे राहा आणि दोन्ही पावलांच्या कडा आखून घ्या. त्यावर तारीख, लांबी आणि रुंदी लिहा. दुकानात जाताना तो कागद खिशात असू द्या. विक्रेता काहीही म्हणो, कागदावरचं पाऊल खोटं बोलत नाही.

पुढच्या भागात पाणी, मीठ आणि उकाड्यातली लांब फेरी यांवर बोलू. तोवर सायकल चालवत राहा, पावलं जपा. जय हिंद.